1.4.0 लिहिलं होतं, मग भलतंच कसं आलं?

‘कलर्स’ हे जावास्क्रिप्टचं छोटंसं पॅकेज, म्हणजे आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडायचा दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड. काम एवढंच, की टर्मिनलमधली (कमांड टाइप करायच्या खिडकीतली) अक्षरं रंगवायची. जानेवारी 2022 मध्ये त्याच्या कर्त्यानेच नव्या आवृत्तीत मुद्दाम कधीही न थांबणारं लूप घातलं. ‘कलर्स’ वापरणारी, ॲमेझॉनच्या सीडीकेसारखी (क्लाउडची मांडणी कोडने करणारी) टूल्स सुरू केली की स्क्रीनभर कचरा अक्षरं वाहू लागली. चर्चा झाली ती त्या माणसाच्या रागाची. पण ती आवृत्ती मागितली होती कोणी?

कोणीच नाही. ती एनपीएमच्या, म्हणजे जावास्क्रिप्टची पॅकेजं आणून बसवणाऱ्या टूलच्या, डिफॉल्टने (आपण काही न सांगता लागू होणाऱ्या पद्धतीने) आणली.

आवृत्तीतल्या तीन आकड्यांपैकी पहिला बदलला तर जुनं काही मोडू शकतं, दुसरा बदलला तर नवी सोय आली, तिसरा म्हणजे दुरुस्ती. (हे दशांश नव्हेत, 1.10 ही 1.9 च्या नंतरची.) एखादं पॅकेज इन्स्टॉल केलं, की एनपीएम ‘पॅकेज डॉट जेसन’मध्ये (प्रोजेक्टला लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत) आपण न सांगता आकड्याआधी ^ लावतं. ^1.4.0 म्हणजे 1.4.0 किंवा त्यापुढची, पण 2.0.0 च्या आतली कोणतीही, आणि त्यातली सहसा सगळ्यात वरची. सुरुवातीला शून्य असेल तर नियम कडक होतो: ^0.2.3 ची मर्यादा 0.3.0 च्या अलीकडे संपते, ^0.0.3 तर फक्त तीच आवृत्ती घेतं.

यावर उपाय म्हणजे लॉक फाइल. प्रत्यक्ष बसलेल्या प्रत्येक पॅकेजचा नेमका आकडा तिच्यात असतो. ती कोडसोबत गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलमध्ये) ठेवावी आणि सर्व्हरवर ‘एनपीएम सीआय’ चालवावं; ‘पॅकेज डॉट जेसन’ आणि लॉक फाइल यांत मेळ नसेल तर ही कमांड सरळ एरर देऊन थांबते. एनपीएमचं ‘सेव्ह-एक्झॅक्ट’ हे सेटिंग चालू केलं की ^ जातं, पण फक्त तुमच्या यादीतलं. त्या पॅकेजांच्या पोटातल्या पॅकेजांचं ^ तसंच राहतं.

गोम पुढे आहे. पॅकेज प्रकाशित करताना ही लॉक फाइल सोबत जात नाही (‘श्रिंकरॅप’ ही तशीच दुसरी फाइल जाते, पण ती मुद्दाम बनवावी लागते). त्यामुळे एखादं टूल तुम्ही आज ग्लोबल इन्स्टॉल केलंत, तर त्याच्या पोटातल्या आवृत्त्या आज नव्याने निवडल्या जातात. तो संच टूलच्या कर्त्यानेसुद्धा कधी चालवून पाहिलेला नसेल!

काही बिघडलं की ‘नोड मॉड्यूल्स (बसलेली पॅकेजं ठेवलेला फोल्डर) आणि लॉक फाइल उडव, परत इन्स्टॉल कर’ हा उतारा सर्रास सांगितला जातो. लिंबू-मिरचीइतकीच त्याची कारणमीमांसा. गुण आलाच तर तो शेकडो आवृत्त्या एकदम बदलल्यामुळे येतो, आणि नेमकी कोणती बदलल्यामुळे आला हे मग कळत नाही.

गो भाषेने 2018 मध्ये उलट डिफॉल्ट निवडला. समजा, अ या पॅकेजला क ची किमान 1.2 हवी, ब ला किमान 1.4, आणि बाजारात 1.9 आली आहे. एनपीएमच्या पद्धतीने 1.9 येईल. गो 1.4 घेतं: सगळ्यांच्या किमान मागण्यांतली सर्वांत मोठी. त्यापुढच्या आवृत्त्यांकडे ते बघतही नाही, म्हणून काल रात्री प्रकाशित झालेलं काही आज आपोआप शिरत नाही आणि लॉक फाइल नसतानाही तेच उत्तर पुन्हा मिळतं. किंमत उघड आहे: सुरक्षेची दुरुस्तीही आपोआप येत नाही. ‘गोव्हल्नचेक’ हे सुरक्षेतल्या त्रुटी शोधणारं टूल चालवून अपडेट हाताने मागवावं लागतं.

मधला मार्ग पीएनपीएम या एनपीएमच्या पर्यायी टूलने 2025 मध्ये दिला. ‘मिनिमम रिलीज एज’ या सेटिंगला 1440 दिलं, की एक दिवसापेक्षा ताजी आवृत्ती निवडलीच जात नाही. आकडा मिनिटांत आहे; दिवस समजून 7 लिहाल तर सात मिनिटांचंच संरक्षण मिळेल. तातडीची दुरुस्तीही यात अडकते, तेव्हा ते पॅकेज अपवादांच्या यादीत घालावं आणि काम झाल्यावर आठवणीने काढावं.