गेम मास्टर आणि रोलप्लेइंग खेळांची रचना

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळात टेबलाभोवती जमलेल्यांपैकी एकजण सोडून बाकी सगळे प्रत्येकी एक काल्पनिक पात्र चालवतात. उरलेला एकजण म्हणजे गेम मास्टर. पात्रांना काय दिसते, काय ऐकू येते हे तो सांगतो. वाटेत भेटणाऱ्या सगळ्यांच्या, धर्मशाळेच्या रखवालदारापासून राक्षसापर्यंत, तोंडची वाक्ये तोच बोलतो. एखाद्या कृतीचा निकाल फाशांवर सोडायचा की आपणच द्यायचा, हेही त्यानेच ठरवायचे. तो खेळाडूंचा प्रतिस्पर्धी नसतो आणि त्याला जिंकायचेही नसते. मराठीत या भूमिकेला रूढ शब्द नाही. ‘सूत्रधार’ जवळचा वाटतो, पण सूत्रधाराला नाटकाचा शेवट ठाऊक असतो. गेम मास्टरला तो ठाऊक नसतो, आणि ज्याने तो आधीच ठरवून ठेवलेला असतो त्याच्याकडे खेळाडू दुसऱ्यांदा फारसे फिरकत नाहीत.

या खेळांचे रचनाकार बहुधा याच खुर्चीतून उठून आलेले असतात. एका टेबलावर घेतलेला निर्णय दुसऱ्या घरी, अनोळखी माणसालाही घेता यावा म्हणून लिहून काढला की त्याचा नियम होतो. गेम मास्टरचा रचनाकार होतो तो या लिहिण्यात, आणि या प्रकाराचा सगळा इतिहासच तसा घडला आहे.

गेम मास्टरच्या खुर्चीमागे युद्धखेळातला पंच आहे, आणि त्या पंचाची परंपरा प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या सैन्यातून येते. गेओर्ग हाइनरिश फोन राइसवित्झ याने वडिलांचा युद्धखेळ सुधारून १८२४ मध्ये ‘क्रीगस्पील’चे नियम प्रसिद्ध केले. दोन्ही बाजूंचे अधिकारी आपले हुकूम पंचाला देत. पंच नकाशावर ठोकळे हलवी, फासे टाकी आणि ज्याच्या नजरेला जेवढे पडायला हवे तेवढेच त्याला दाखवी. नियम आणि तक्ते जाचक होऊ लागले तेव्हा १८७६ मध्ये युलियुस फोन व्हेर्डी द्यू व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने ते बाजूला सारून अनुभवी पंचाच्या तारतम्यावर खेळ चालवावा असे मांडले. नियम मोठा की पंच, हा वाद तेव्हापासून चालू आहे आणि तो मिटण्याची चिन्हे नाहीत. १८८० मध्ये अमेरिकेत चार्ल्स टॉटन याने ‘स्ट्रॅटेगॉस’ हे युद्धखेळाचे पुस्तक लिहिले. त्यातही पंचाला मोठा अधिकार होता.

हे जुने पुस्तक मिनेसोटातल्या डेव्हिड वेसली या युद्धखेळाच्या शौकिनाच्या हाती लागले. १९६९ मध्ये त्याने नेपोलियनच्या काळातल्या ‘ब्राउनश्टाइन’ नावाच्या काल्पनिक जर्मन गावाचा डाव मांडला. सैन्याच्या पलटणी देण्याऐवजी त्याने काही जणांना गावातली एकेक व्यक्ती दिली. कोणी नगराध्यक्ष झाला, कोणी बँकवाला, कोणी विद्यापीठाचा कुलपती. एकेकाला बाजूला बोलावून त्याची चाल ऐकून घ्यायची, असा बेत होता. पण बाहेर थांबलेले लोक वाट पाहत बसले नाहीत. त्यांनी आपापसांत सौदे केले, कट शिजवले आणि दोघांनी तर थेट द्वंद्वयुद्ध जाहीर केले. नियमांत द्वंद्व नव्हतेच. वेसलीने जागच्या जागी काहीतरी निकाल दिला आणि डाव पूर्ण फसला असे समजून तो घरी गेला. खेळणाऱ्यांनी मात्र पुन्हा तसाच डाव मागितला.

त्याच मंडळीतल्या डेव्ह अर्नसनने १९७१ च्या सुमारास ‘ब्लॅकमूर’ सुरू केले. किल्ल्याखालची भुयारे, राक्षस आणि एका डावातून पुढच्या डावात टिकून राहणारी, अनुभवाने तरबेज होत जाणारी पात्रे त्यात होती. १९७२ च्या अखेरीस त्याने विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हाला जाऊन युद्धखेळांचे नियम लिहिणाऱ्या गॅरी गायगॅक्सला हा खेळ खेळवला. गायगॅक्सने त्याच्याकडून टिपणे मागवली, स्वतःची भर घातली आणि जानेवारी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या तीन पुस्तिका टीएसआर या छोट्या कंपनीतर्फे निघाल्या. पहिली आवृत्ती १,००० प्रतींची होती. या दोघांत श्रेय कोणाचे किती, यावर चाहते अजून भांडतात. मानधनावरून १९७९ मध्ये अर्नसन कोर्टात गेला आणि १९८१ मध्ये तडजोड झाली. माझ्या मते अर्नसन हा मोठा गेम मास्टर होता, आणि त्याच्या डोक्यातले कागदावर आणून ते परक्याच्या हाती देणारा रचनाकार गायगॅक्स.

त्या पुस्तिका वाचून खेळ कसा खेळायचा हे नीट कळत नसे, आणि याचा एक मोठा फायदा झाला. ज्याला जे कळले नाही ते त्याने स्वतः भरून काढले. ॲरिझोनातल्या केन सेंट अँड्रेने १९७५ मध्ये ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ काढला आणि त्यात विचित्र आकाराच्या फाशांऐवजी घरोघरी मिळणारे सहा बाजूंचे फासे वापरले. पुढे प्रत्येक खेळाने या खुर्चीला आपापले नाव दिले. ‘ट्रॅव्हलर’मध्ये (१९७७) तो रेफरी आहे, ‘कॉल ऑफ क्थुलू’मध्ये (१९८१) कीपर आणि ‘व्हॅम्पायर’मध्ये (१९९१) स्टोरीटेलर.

नियम रचणे म्हणजे नेमके काय, हे एका कुलपावरून कळते. खेळाडू म्हणतो, “मी कुलूप उघडतो.” वीस बाजूंचा फासा टाकून त्यात पात्राच्या कौशल्याचे ३ मिळवायचे आणि १५ गाठायचे, असा नियम असेल तर फाशावर १२ किंवा जास्त हवेत, म्हणजे यशाची शक्यता ४५ टक्के. कठीण पण जमण्यासारखे. पण फसल्यावर तो म्हणतो, “पुन्हा करून बघतो.” तीन प्रयत्नांत ही शक्यता ८३ टक्क्यांवर जाते आणि घाईगर्दी नसेल तर फासा टाकण्यालाच अर्थ उरत नाही. इथे गेम मास्टर काहीतरी मार्ग काढतो: पहारेकऱ्याची चाहूल लागते, तार कुलपात मोडते. रचनाकाराला मात्र उत्तर आधीच लिहून ठेवावे लागते. ल्यूक क्रेनच्या ‘बर्निंग व्हील’मध्ये एकदा पडलेले दान परिस्थिती खरोखर बदलेपर्यंत कायम धरतात. व्हिन्सेंट आणि मेग्वे बेकर यांच्या ‘अपॉकलिप्स वर्ल्ड’ने (२०१०) दुसरा रस्ता धरला. त्यात सहा बाजूंचे दोन फासे टाकतात. बेरीज १० किंवा वर गेली तर काम फत्ते, ७ ते ९ मध्ये काम होते पण काहीतरी मोजावे लागते, आणि ६ किंवा खाली गेली की पुढे काय ते गेम मास्टर सांगतो. पात्राच्या कौशल्याचे आकडे बेरजेत न धरता पाहिले तर मधला आणि खालचा निकाल प्रत्येकी ३६ पैकी १५ वेळा येतो, पूर्ण यश फक्त ६ वेळा. म्हणजे ‘काहीच घडले नाही’ हा निकाल नियमातूनच बाद झाला, आणि नवख्या गेम मास्टरची निम्मी अडचण त्याबरोबर गेली.

सुरुवात करणाऱ्याने स्वतःचे जग उभारण्याच्या भानगडीत पडू नये. छापील साहस म्हणजे आधीच लिहिलेले कथानक, चार खेळाडू आणि एका बैठकीत संपणारी गोष्ट एवढे पुरते. हौशी माणूस तीन रात्री जागून राजधानीचा नकाशा काढतो आणि खेळाडू वेशीवरच्या म्हाताऱ्याशी गप्पा मारत दीड तास घालवतात. म्हणून ठिकाणांपेक्षा माणसे तयार ठेवावीत: कोणाला काय हवे आहे आणि तो त्यासाठी कुठवर जाईल. अनेक बैठका चालणारी मोठी मोहीम असेल तर आधी एक बैठक फक्त बोलण्यासाठी ठेवतात आणि कोणते विषय टेबलावर नकोत हे तिथेच ठरवून घेतात. खेळता खेळता कोणाला एखादा प्रसंग सोसेनासा झाला तर त्याने ‘एक्स’ लिहिलेल्या कार्डाला हात लावायचा आणि कारण न विचारता तो प्रसंग वगळायचा, ही पद्धत जॉन स्टॅव्ह्रोपोलोस यांनी रुजवली.

रचनाकाराची खरी परीक्षा दुसऱ्यांच्या टेबलावर होते. तो गप्प बसतो किंवा तिथे नसतोच, आणि लोक फक्त त्याचा मजकूर वाचून खेळतात. “अरे, तसं नाही ते” असे म्हणायला जीभ वळवळली की ते वाक्य पुस्तकात राहून गेले आहे असे समजावे. पुस्तक जाड असायलाच हवे असेही नाही. जॉन हार्परचा ‘लेझर्स अँड फीलिंग्ज’ (२०१३) एका पानात मावतो. प्रत्येक पात्राला २ ते ५ यांतला एकच आकडा असतो. तर्काच्या कामात फासा त्याच्या खाली पडायला हवा, भावनेच्या कामात वर. एकात हुशार व्हायचे तर दुसऱ्यात कच्चे राहावेच लागते.

अमेरिकी कायद्यात खेळाच्या पद्धतीवर स्वामित्वहक्क मिळत नाही, तिच्या शब्दांकनावर मिळतो. २००० मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची मालकी आलेल्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने त्याच्या नियमांसाठी मुक्त परवाना काढला आणि शेकडो लोकांना त्याच नियमांवर लिहिता आले. जानेवारी २०२३ मध्ये हा परवाना बदलण्याचा मसुदा फुटला, चाहते खवळले आणि त्याच महिन्यात कंपनीने नियमांचा मूळ मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स या कोणालाही वापरू देणाऱ्या परवान्याखाली खुला केला. उत्पन्नाचे म्हणाल तर बहुतेकांसाठी ते जोडधंद्याइतकेच असते. ‘डंजन मास्टर्स गिल्ड’ या ऑनलाइन दुकानात विक्रीतला निम्मा वाटा लेखकाला मिळतो, काही जण किकस्टार्टर या संकेतस्थळावर लोकवर्गणीतून पैसे उभे करतात आणि काही जण शुल्क घेऊन डाव चालवतात.

मराठीत हा खेळ चालवताना इंग्रजी पुस्तकांना कधी न पडलेला एक प्रश्न पुढे येतो. गेम मास्टरचे ठरलेले वाक्य “तू काय करतोस?” असे असते, आणि मुलगी पुरुष सरदाराचे पात्र चालवत असेल तर तिला “करतोस” विचारायचे की “करतेस”? “करतोस” म्हटले की ती पात्रात शिरते, “करतेस” म्हटले की टेबलावर परत येते. सरदाराशी बोलणारा किल्लेदार ‘तू’ म्हणतो, ‘तुम्ही’ म्हणतो की ‘आपण’, यावरून दोघांतला उच्चनीचपणा आणि मनातली अढी एका शब्दात कळते. इंग्रजीतल्या गेम मास्टरला ते वर्णन करून सांगावे लागते. ‘पात्र’ नपुंसकलिंगी असल्याने “तुझं पात्र काय करतं?” असे विचारून पहिला प्रश्न टाळता येतो, पण मग दारामागे तलवार उपसून उभा असलेला माणूस कोणीतरी तिसराच होतो.