'मात्र' या शब्दानंतरचे वाक्य

पुस्तकाचे परीक्षण हाती येते तेव्हा लेखक ते सुरुवातीपासून वाचत नाही. त्याची नजर थेट 'मात्र', 'तथापि', 'परंतु' या शब्दांवर जाऊन थबकते. आठशे शब्दांच्या मजकुरात विषयाच्या निवडीला दाद दिलेली असते, भाषेचे कौतुक असते, आणि मग येते ते वाक्य: 'मात्र तिसऱ्या प्रकरणापासून लेखन इतके पसरट होते की पुस्तक पुरे करणे ही शिक्षाच ठरते.' त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर कौतुकाचे एकही वाक्य धड आठवत नाही, पण हे वाक्य विरामचिन्हांसकट पाठ झालेले असते.

लेखक हळवे असतात म्हणून असे होते, ही समजूत अपुरी आहे. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नातेसंबंध, भावना, शिकण्याची प्रक्रिया अशा अनेक क्षेत्रांतील संशोधन तपासून २००१ मध्ये असा निष्कर्ष मांडला की, वाईटाचा ठसा तेवढ्याच प्रमाणातील चांगल्यापेक्षा मनावर अधिक खोल उमटतो. संधी हुकली तर पुन्हा येऊ शकते, धोका हेरण्यात चूक झाली तर ती जिवावर बेतते. त्यामुळे धोक्याला झुकते माप देणारे मन उत्क्रांतीत टिकले असावे, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

टीका जिव्हारी लागते असे आपण म्हणतो, त्याला मेंदूविज्ञानातही काहीसा आधार आहे. नाओमी आयझेनबर्गर यांच्या २००३ मधील प्रयोगात स्कॅनरमध्ये पडलेल्या व्यक्तींना संगणकावरील चेंडूच्या खेळातून हळूच वगळण्यात आले, तेव्हा शारीरिक वेदनेच्या त्रासाशी जोडलेला मेंदूचा एक भाग सक्रिय झालेला दिसला. शब्दांचा घाव आणि शरीराचा घाव एकच, असे यावरून सर्रास लिहिले जाऊ लागले. ही उडी मला घाईची वाटते, कारण मेंदूतील सक्रियतेचे आकृतिबंध बारकाईने तपासणाऱ्या २०१४ मधील एका अभ्यासात, मेंदूचा भाग तोच असला तरी, नकाराचे दुःख आणि शारीरिक वेदना यांचे आकृतिबंध वेगळे असल्याचे आढळले.

खरा प्रश्न पुढच्या तासाभरात काय करावे हा असतो. समीक्षकाला सणसणीत उत्तर लिहावे, निदान मित्रासमोर त्याचा यथेच्छ उद्धार करून मन मोकळे करावे, अशी ऊर्मी दाटून येते. ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग नेमका येथेच उपयोगी पडतो. त्यांनी सहाशे विद्यार्थ्यांकडून निबंध लिहून घेतले आणि ते अत्यंत कमी गुण देऊन, 'मी आजवर वाचलेल्या सर्वांत वाईट निबंधांपैकी हा एक आहे', अशा आशयाच्या शेऱ्यासह परत केले. निबंध तपासणारा दुसरा विद्यार्थी मुळात अस्तित्वातच नव्हता, पण राग खरा होता. काहींना त्या टीकाकाराचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला सांगितले, काहींना व्यायाम म्हणून ठोसे मारायला सांगितले, आणि काहींना दोन मिनिटे नुसते बसवून ठेवले. टीकाकाराला मनात धरून ठोसे मारणारे सर्वाधिक संतप्त राहिले. संधी मिळताच त्याच्यावर सूड उगवण्याची वृत्ती सर्वांत कमी दिसली ती नुसते बसून राहिलेल्यांमध्ये. वाफ बाहेर गेली की भांडे निवते, हे चुलीवरच्या भांड्याला लागू असेल. मनात मात्र प्रत्येक उजळणीगणिक चुलीत आणखी एक लाकूड सरकवले जाते.

परीक्षण वाचणाऱ्या तिसऱ्या माणसाचाही विचार करायला हवा. पुस्तकांच्या परीक्षणांचेच उतारे वापरून तेरेसा अमाबिले यांनी १९८३ मध्ये दाखवले की, प्रतिकूल लिहिणारा समीक्षक वाचकांना अधिक बुद्धिमान वाटतो, जरी तो कमी आवडत असला तरी. म्हणजे परीक्षणातील धारेपैकी थोडी धार शैलीची असते, हे लेखकाने ध्यानात ठेवायला हरकत नाही.

विचारांचे हे रवंथ थांबवण्यासाठी ईथन क्रॉस यांच्या संशोधनातील एक साधी युक्ती उपयोगी पडू शकते. 'मी असे का लिहिले?' याऐवजी स्वतःला नावाने हाक मारून, 'तू तिसऱ्या प्रकरणात काय करू पाहत होतास?' असे विचारले, तर तणावाच्या प्रसंगाकडे काहीशा अंतरावरून पाहता येते. शिवाय काळही मदतीला असतो. डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवल्याप्रमाणे, वाईट प्रसंगाचे दुःख किती काळ टिकेल याचा आपला अंदाज बहुधा फुगलेला असतो, कारण मन स्वतःला सावरून घेते याचा हिशेब आपण धरतच नाही.

महिन्याभराने तेच कात्रण पेन्सिल हातात घेऊन वाचले की, लेखकाच्या वकुबावर घसरलेली वाक्ये दोनच निघतात. उरलेली पुस्तकाबद्दल असतात, आणि तिसऱ्या प्रकरणाची पाने मोजली तर ती खरोखरच दुसऱ्या प्रकरणाच्या दुप्पट भरतात.