सीमाभागातील निवडणुका : बेळगाव

कर्नाटकातील बेळगाव, खानापूर, निपाणी या मराठी भाषक पट्ट्यात निवडणुकीला लोकप्रतिनिधी निवडण्याखेरीज आणखी एक अर्थ आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत हा भाग मुंबई राज्यातून निघून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्यानंतर महाराष्ट्र एकीकरण समितीला पडलेले मत म्हणजे महाराष्ट्रात जाण्याच्या बाजूचे मत, असेच समिती आणि तिचा मतदार धरून चालत आले. बोलण्यात पक्षाचे नाव क्वचितच येते. ‘समितीचा माणूस’ एवढे म्हटले की पुरते.

या समजुतीच्या मुळाशी ‘लोकेच्छा’ हा शब्द आहे. आंध्र आणि मद्रास यांच्यातील सीमा ठरवताना मध्यस्थ ह. वि. पाटसकरांनी जी तत्त्वे लावली, त्यांच्या आधारे महाराष्ट्राने खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा अशी चौकडी मांडली. पहिल्या तिन्ही गोष्टी नकाशा आणि जनगणना यांवरून काढता येतात. लोकेच्छा मोजायची कशाने? बेळगावकरांच्या हाती मोजमाप होते ते एकच, दर काही वर्षांनी येणारी मतपेटी.

खानापूर तालुक्याला लागून असलेल्या गोव्यात हा प्रश्न सरळ विचारला गेला. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन होण्यासाठी फूल आणि केंद्रशासित राहण्यासाठी दोन पाने, अशी चिन्हे होती. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. मराठीवाद्यांना निकाल कडू लागला, तरी प्रश्न एकदाचा सुटला. बेळगावच्या वाट्याला त्याच सुमारास आला महाजन आयोग. सीमावाद सोडवण्यासाठी १९६६ मध्ये नेमलेल्या या आयोगाने १९६७ च्या अहवालात २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत आणि बेळगाव शहर कर्नाटकातच राहावे असे सुचवले. महाराष्ट्राने अहवाल नाकारला आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. कौल मात्र कोणी घेतला नाही, म्हणून इथे प्रत्येक निवडणूकच कौल होऊन बसली.

सर्वाधिक मते मिळवणारा एक उमेदवार विजयी, ही आपली पद्धत. ती आमदार निवडते. एखाद्या मागणीमागे किती लोक आहेत हे सांगण्यासाठी ती बनलेलीच नाही. हे ओळखून समितीने निवडणुकीचा वापर निराळ्या तऱ्हेनेही केला. जिंकता येत नसेल तर यंत्रणेला दखल घ्यायला लावायची. १९८५ च्या विधानसभा निवडणुकीत बेळगाव मतदारसंघात ३०१ उमेदवार उभे राहिले. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत बेळगावातून उमेदवार होते ४५६. त्यांतले बहुसंख्य सीमाप्रश्नाकडे दिल्लीचे लक्ष वेधण्यासाठी अर्ज भरलेले साधे कार्यकर्ते. मतदान कागदी मतपत्रिकेवर होते आणि एवढी नावे नेहमीच्या आकाराच्या कागदावर मावणे शक्यच नव्हते. निवडून आले जनता दलाचे शिवानंद कौजलगी.

त्याच वर्षी आंध्रातील नलगोंडा लोकसभा मतदारसंघात ४८० आणि तमिळनाडूतील मोडकुरिची विधानसभा मतदारसंघात १,०३३ उमेदवार होते. या तीन ठिकाणांनी मिळून देशाचा कायदा बदलायला लावला. लोकसभेची अनामत ५०० रुपयांवरून १० हजारांवर गेली, मान्यताप्राप्त पक्ष पाठीशी नसलेल्या उमेदवाराला दहा सूचक लागू लागले. २००९ च्या कायदादुरुस्तीनंतर अनामत २५ हजार आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी. हिशेबच मांडायचा तर ४५६ जणांची अनामत जुन्या दराने जास्तीत जास्त २ लाख २८ हजार रुपये होत होती, आजच्या दराने ती १ कोटी १४ लाखांपर्यंत जाईल. वर्गणी काढून करायचे आंदोलन त्यात बसत नाही.

तरी २०१९ मध्ये बेळगाव लोकसभेला ५७ उमेदवार होतेच. मतदान यंत्राच्या एका भागावर सोळा बटणे असतात. ‘नोटा’ धरून ५८ नोंदी म्हणजे चार यंत्रे ओळीने मांडावी लागतात. नावांचा क्रमही समितीच्या सोयीचा नसतो. आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नुसते नोंदणीकृत, शेवटी अपक्ष, आणि समितीचे उमेदवार प्रत्यक्षात अपक्ष म्हणूनच उभे असतात. अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावरच त्यांना चिन्ह मिळते. पुढच्या जेमतेम दोन आठवड्यांत ते शहापूर-वडगावच्या गल्ल्यांपासून खानापूरच्या जंगलातल्या वाड्यांपर्यंत पोहोचवायचे. शेजारच्या मतदारसंघातले चिन्ह वेगळे असू शकते, गेल्या खेपेचेही वेगळे. कमळ आणि हात यांना ही यातायात करावी लागत नाही. म्हणून रिक्षावरचा भोंगा भाषण कमी करतो आणि चिन्ह नि अनुक्रमांकच घोकत फिरतो. घरातल्या आजीबाईला ‘वरून कितवं बटण’ हे नातवाने पढवून ठेवलेले असते. बटण दाबल्यावर काचेमागे सात सेकंद चिठ्ठी दिसते, तेवढ्यात तिने चिन्ह ओळखायचे.

मतदारसंघांची आखणी हा याहून मोठा अडसर आहे, आणि त्याविषयी फारसे बोलले जात नाही. बेळगाव जिल्ह्यात विधानसभेच्या अठरा जागा आहेत. बेळगाव उत्तर, दक्षिण आणि ग्रामीण या तीन बेळगाव लोकसभेत येतात. निपाणी चिक्कोडी लोकसभेत आहे आणि खानापूर थेट उत्तर कन्नड लोकसभेत, म्हणजे कारवारच्या सोबतीला. मराठी मते अशी तीन खासदारांत वाटली गेल्यावर कुठल्याच एका मतमोजणीत त्यांची बेरीज होत नाही. २००८ पासून लागू झालेल्या आखणीत उचगाव हा विधानसभा मतदारसंघही नकाशावरून गेला.

२०२१ ची बेळगाव लोकसभा पोटनिवडणूक याचा चांगला नमुना आहे. भाजपच्या मंगला अंगडी यांनी काँग्रेसच्या सतीश जारकीहोळी यांना ५,२४० मतांनी हरवले. तिसऱ्या क्रमांकावर समितीचे शुभम शेळके, मते सुमारे १ लाख १७ हजार, म्हणजे विजयाच्या फरकाच्या वीसपटीहून जास्त. पण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते पडली नाहीत तर अनामत जप्त होते, आणि हा आकडा त्याखालीच राहिला. लाखभर मराठी माणूस समितीमागे उभा राहिला, असे समितीवाले म्हणाले. डिपॉझिट गेले, असे विरोधक म्हणाले. दोघांचेही खरे होते.

महानगरपालिकेत चित्र बराच काळ वेगळे होते. प्रभाग लहान, उमेदवार गल्लीतला, लढत पक्षचिन्हाविना. त्यामुळे सभागृहात मराठी गट आणि कन्नड गट अशीच मोजदाद चाले. २००५ मध्ये महापालिकेने महाराष्ट्रात विलीनीकरणाचा ठराव केला. महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला बंगळुरात काळे फासले गेले आणि राज्य सरकारने महापालिकाच बरखास्त केली. १ नोव्हेंबरला निषेध म्हणून पाळल्या जाणाऱ्या काळ्या दिनात महापौर सामील झाल्यावरून २०११ मध्येही महापालिका बरखास्त झाली. २०२१ मध्ये निवडणूक प्रथमच पक्षचिन्हांवर झाली आणि ५८ पैकी ३५ जागा भाजपने घेतल्या.

विधानसभेत समितीचे शेवटचे दोन आमदार २०१३ मध्ये निवडून आले : बेळगाव दक्षिणमधून संभाजी पाटील, खानापुरातून अरविंद पाटील. २०१८ मध्ये समितीत दोन तट पडले, एकाच मतदारसंघात ‘अधिकृत’ म्हणवणारे दोघे उभे राहिले आणि हाती काही लागले नाही. २०२३ मध्येही पाटी कोरीच राहिली. केवळ बाहेरच्यांना दोष देणाऱ्यांनी या दुहीचा हिशेब आधी घरात मांडायला हवा होता. दरम्यान राष्ट्रीय पक्षही मराठी वस्तीत मराठी उमेदवार देऊ लागले आहेत, आणि प्रचाराच्या दिवसांत दाराच्या फटीतून सरकवलेली त्यांची पत्रकेही आता मराठीतच असतात.