उपवासाच्या ताटातली अमेरिका

आषाढी एकादशीचं ताट डोळ्यांसमोर आणा. साबुदाण्याची खिचडी, तिच्यात बटाट्याच्या फोडी, दाण्याचं कूट आणि हिरवी मिरची. शेजारी वरईचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, शेवटी राजगिऱ्याचा लाडू. यातली वरई आणि फोडणीतलं तूप-जिरं बाजूला काढलं, तर उरलेलं जवळजवळ सगळं ताट मूळचं अमेरिका खंडातलं आहे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणाही तिथलाच. बटाटा पेरूच्या डोंगरातला, मिरची आणि रताळं मध्य-दक्षिण अमेरिकेतली, राजगिरा मेक्सिकोकडचा. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोचला आणि वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला. त्यानंतरच्या दोन-अडीचशे वर्षांत, बहुतेक पोर्तुगीजांच्या जहाजांतून, यातल्या बऱ्याच गोष्टी आपल्या किनाऱ्याला लागल्या. आणि आज घराघरांत ठामपणे सांगितलं जातं की हे ‘पूर्वापार’ चालत आलंय.

मग पूर्वापार होतं तरी काय? उपवासाची कल्पना जुनीच आहे, त्यात वाद नाही. महाभारताच्या उद्योगपर्वात, विदुरनीतीत, एक श्लोक येतो: ‘अष्टौ तान्यव्रतघ्नानि आपो मूलं फलं पयः । हविर्ब्राह्मणकाम्या च गुरोर्वचनमौषधम् ॥’ पाणी, मुळं, फळं, दूध, हविष्य म्हणजे होमात अर्पण करायचं अन्न, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही. पुढे देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात व्रतांचा प्रचंड संग्रह केला. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास ‘धर्मसिंधु’ लिहिला आणि महाराष्ट्रातल्या भटजींच्या हाती तोच राहिला. या परंपरेचा मूळ आग्रह काही न खाण्याचाच आहे. ज्याला ते झेपत नाही, त्याच्यासाठी सवलती. एकादशीला सगळी पापं अन्नात येऊन बसतात अशी पुराणांतली समजूत आहे आणि तिथे अन्न म्हणजे मुख्यतः धान्य, आपल्याकडे भात. एकादशीला जेवणाऱ्यांवर तुकोबांनी काय तोंडसुख घेतलंय ते गाथेत वाचावं. तुकोबांच्या देहूत खिचडी परतली जात असेल असं मात्र समजू नये.

धान्यातही एक पळवाट होती. न नांगरता, आपसूक उगवणारं धान्य ऋषिमुनींचं मानलं जाई, म्हणून त्याला मुन्यन्न म्हणत. नीवार म्हणजे रानटी भात आणि श्यामाकासारखी बारीक तृणधान्यं त्यात मोडत. आपली वरई, म्हणजेच भगर, याच घराण्यातली. उपवासाच्या ताटात खरोखर जुनं कोण, असं विचारलं तर मी तिच्याकडे बोट दाखवेन. तिच्याबरोबर शिंगाडा, सुरण आणि महाशिवरात्रीची कवठाची चटणी. यात गंमत अशी की वरई आता रीतसर पेरली जाते, नाशिकच्या गिरण्यांत सडली जाते आणि पाकिटांतून विकली जाते. ती नांगराविना उगवत नाही हे ठाऊक असूनही तिचं सोवळं कायम आहे.

म्हणजे दार उघडं होतं: मूळ, फळ, दूध आणि मुन्यन्न. नवी पिकं आली ती याच दारातून आत शिरली. बटाटा नि रताळं सरळ ‘मूळ’ या खात्यात गेली. बटाट्याचा आपल्याकडचा प्रसार तसा बराच उशिराचा, मुख्यतः इंग्रजी अमदानीतला. महाबळेश्वरला इंग्रजांनी आणून ठेवलेल्या चिनी कैद्यांनी बटाट्याचे मळे पिकवले, हा त्यातलाच एक धागा. वनस्पतिशास्त्रात बटाटा मूळ नसून खोड आहे, पण ते विदुराला विचारायला कोण जाणार!

साबुदाण्याची कथा सगळ्यांत वळणावळणाची. मूळ साबुदाणा कंदाचा नव्हताच. मलाया आणि इंडोनेशियाच्या बेटांवर सॅगो नावाचं ताडासारखं झाड होतं. ते फुलोऱ्यावर येण्याआधी तोडतात, खोडातला गर कुटून-धुऊन त्यातलं सत्त्व काढतात आणि त्याचे मणी करतात. इंग्रजी काळात हा माल सिंगापूरकडून येई. तेव्हा ते आजाऱ्याचं अन्न होतं, पचायला हलकी अशी साबुदाण्याची पेज. आजाऱ्याच्या वाटीतून तो उपवासाच्या कढईत कसा गेला, याचा माझा तर्क सोपा आहे. झाडाचा गर, म्हणजे धान्य नाही. पथ्याचा पदार्थ, म्हणजे औषधाच्या जवळचा. धान्याची अडचण टळली आणि आठांपैकी औषधाचं कलम आयतं लागू पडलं.

इकडे केरळात पोर्तुगीजांनी आणलेला दक्षिण अमेरिकेतला कंद, कसावा किंवा टॅपिओका, आधीच रुजला होता. त्रावणकोरचे महाराजा विशाखम् तिरुनाळ (कारकीर्द १८८० ते १८८५) यांनी गरिबाचं अन्न म्हणून त्याच्या लागवडीला जोर दिला. दुसऱ्या महायुद्धात जपानने मलाया, सिंगापूर आणि ब्रह्मदेश घेतले. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला, तसा सिंगापूरचा साबुदाणाही. केरळ या कंदावर जगला. आणि तमिळनाडूतल्या सेलम भागात १९४३ च्या सुमारास याच कंदाच्या सत्त्वापासून साबुदाणा करायला सुरुवात झाली. पुढे शेकडो लहान कारखाने झाले, १९८१ मध्ये उत्पादकांची सहकारी संस्था निघाली. आज आपण एकादशीला भिजत घालतो तो हा सेलमचा माल. हाच कंद केरळात उकडून माशाच्या कालवणाबरोबर खातात, ‘कप्पा-मीन’ म्हणून तो प्रसिद्ध आहे. आपल्याकडे याच कंदाच्या वड्यांवर तूप पडतं.

साबुदाणा मांसाहारी आहे, सत्त्वाच्या हौदांत किडे पडतात आणि ते तुडवून मणी करतात, असा एक मजकूर दर श्रावणात फिरतो. एका समजुतीला उत्तर म्हणून तितकीच बिनबुडाची दुसरी. कंद धुतात, सोलतात, किसतात, पाण्यात सत्त्व खाली बसू देतात. मग ओलसर पिठाचे हालवून-हालवून गोळे करतात, भाजतात आणि वाळवतात. झालं इतकंच. साबुदाण्यावर आक्षेप घ्यायचाच तर तो निव्वळ पिष्ट आहे यावर घ्यावा. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी आणि एक ग्रॅमही प्रथिन नाही. तूप, कूट आणि बटाटा घातलेल्या बशीभर खिचडीने ‘पोटाला विश्रांती’ मिळते हे म्हणणं धाडसाचं आहे. आपल्या पूर्वजांना हे कळत होतं, नाहीतर ‘एकादशी दुप्पट खाशी’ म्हण पडली नसती.

राजगिऱ्याचा प्रवास वेगळ्याच अर्थाने चटका लावणारा. मेक्सिकोत ॲझटेक लोक त्याच्या पिठाची देवांची मूर्ती घडवत, ती मिरवत आणि मग तुकडे करून प्रसाद म्हणून खात. काही विधींत त्या पिठात नरबळीचं रक्तही मिसळलं जाई. स्पॅनिश लोकांनी १५२१ मध्ये त्यांची राजधानी जिंकली. ख्रिस्ती पाद्र्यांना या प्रसादात आपल्याच धर्मविधीची विटंबना दिसली आणि राजगिऱ्याच्या पिकावर वक्रदृष्टी पडली. तिथे तो मागे पडला. आजही मेक्सिकोच्या रस्त्यांवर फुलवलेल्या राजगिऱ्याच्या, मधात किंवा पाकात थापलेल्या वड्या मिळतात. आपल्या राजगिऱ्याच्या चिक्कीशेजारी ठेवल्या तर ओळखू येणार नाहीत. तिथे देवाच्या मूर्तीसाठी लागणारं बी इथे देवाच्या उपवासाला चालू लागलं. गहू-ज्वारीसारखं ते गवताच्या कुळातलं धान्य नाही, पालेभाजीचं बी आहे, हे इथल्या बायकांनी बरोबर हेरलं असावं.

‘यादीत नाव नव्हतं म्हणून चालून गेलं’ हे स्पष्टीकरण अनेकदा दिलं जातं. ते अर्धंच खरं आहे. मकाही अमेरिकेतून आला, त्याचंही नाव कुठल्या जुन्या ग्रंथात नाही, पण एकादशीला मका चालत नाही. कणीस दिसलं की धान्य आठवतं. टोमॅटो महाराष्ट्रात बहुतेक घरांत वर्ज्य, उत्तरेत मात्र व्रताच्या भाजीत सर्रास. टोमॅटो लाल म्हणून नको, असं जुन्या सोवळ्यातल्या काही घरांत म्हणत. त्याच घरांत उपवासाच्या बटाट्यावर लाल तिखट पडे. कोथिंबीर चालते की नाही यावर तर एकाच वाड्यात दोन मतं. तमिळ घरांत भात वर्ज्य करून इडली-डोसा खाल्लं तरी काहींचा उपवास होतो, आपल्याला ते ऐकूनच कसंसं होतं. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून परसातल्या भाज्यांची ऋषीची भाजी होते. तिच्यात अळू, सुरण, पडवळ यांच्याबरोबर लाल भोपळा आणि मक्याचे तुकडे असतातच. दोन्ही अमेरिकेचे, आणि मका इथे बिनतक्रार!

मला यातून दिसतं ते असं की ग्रंथांनी चौकट दिली, पण तिच्यात काय बसवायचं हे स्वयंपाकघरांनी ठरवलं. ‘आमच्यात चालतं’ आणि ‘आमच्यात चालत नाही’ हेच खरं धर्मशास्त्र. ते सासूकडून सुनेकडे तोंडी गेलं, म्हणून त्याची नोंद कुणी ठेवली नाही आणि दोन पिढ्यांत ते अनादी झालं. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात व्रतांवर शेकडो पानं खर्ची घातली. त्या पानांतून फिरताना जाणवतं की काय खावं यावर ग्रंथकारांतही कधी एकमत नव्हतं.

त्या तोंडी शास्त्राला आता विज्ञानाची शाल पांघरली जाते, ते मात्र मला खटकतं. जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं तेव्हापासून ‘एकादशीला नोबेल’ अशा पोस्ट फिरत असतात. ओसुमींनी यीस्टच्या पेशींची उपासमार करून त्या स्वतःचेच घटक कसे मोडून वापरतात ते शोधलं. त्या पेशींना कुणी साबुदाणावडा दिला नव्हता.

दरम्यान नवे पाहुणे येतच आहेत. ड्रॅगनफ्रूट आणि किवी ‘फळ’ म्हणून विनाचौकशी ताटात आले. क्विनोआबद्दल मात्र अजून विचारणा होते, उपवासाला चालेल का? तो पेरू-बोलिव्हियाचा, राजगिऱ्याच्याच कुळातला, आणि बघाल तर थेट वरईसारखा शिजतो. पुण्या-मुंबईच्या काही घरांत तो चालू झालासुद्धा.