काळोखात बदकाचं पिल्लू कुणाला हाक मारतं?

जूनचा पहिला पाऊस पडला त्या आठवड्यात आमच्या कुडाळजवळच्या घरी बदकाची पाच पिल्लं आली. दोन दिवसांची, सगळी मिळून बुटाच्या खोक्यात मावतील एवढी. दिवसभर त्यांचा काही त्रास नव्हता. रात्री साडेदहाला पडवीतला दिवा मालवला आणि मिनिटभरात खोक्यातून असा टाहो सुरू झाला की मांजर शिरलं समजून मी धावत गेले. मांजर नव्हतं. पाचही पिल्लं माना उंचावून, चोची उघडून ओरडत होती. मी खोक्यात हात पालथा ठेवला. एकेक करत ती हाताखाली शिरली, आवाज उतरत गेला आणि शेवटी उरली नुसती बारीक कुजबुज, आधण येण्याआधी पातेलं करतं तशी.

हे दोन आवाज ओळखता आले की रात्रीचं निम्मं काम होतं. पहिला उंच, एकसारखा, दूरवर पोचणारा. ती हरवल्याची हाक. दुसरा हलका, भराभर येणारा, पोट भरलेल्या आणि ऊब मिळालेल्या पिल्लाचा. पहिला आवाज ऐकून ‘करू दे थोडा वेळ आरडाओरडा, सवय होईल’ असं म्हणणारी माणसं भेटतात. मला ते पटत नाही.

आपली बहुतेक पाळीव बदकं मॅलार्ड या रानटी बदकापासून आली. मस्कोव्ही ही जात तेवढी वेगळी. मॅलार्डची मादी जमिनीवर घरटं करते आणि पिल्लं लहान असताना रात्री त्यांना पोटाखाली घेऊन बसते. तिथेही काळोखच असतो, पण तो पिसांखालचा काळोख. अंगाला आईचं अंग लागलेलं, दोन्ही बाजूंना भावंडं. पिल्लाला भय वाटतं ते स्पर्श नसलेल्या काळोखाचं.

आणि ही सोबत त्याला जन्माआधीपासून ठाऊक असते. अंड्याच्या बोथट टोकाला हवेची एक पोकळी असते. उबवणीचे २८ दिवस भरत आले की शेवटच्या दोन-तीन दिवसांत पिल्लू त्या पोकळीत चोच खुपसतं आणि श्वास घेऊ लागतं. श्वास आला की आवाजही आला. अशा वेळी अंडं कानाशी धरलं तर आतली चिवचिव ऐकू येते. शेजारच्या अंड्यांतल्या भावंडांनाही ती ऐकू जाते.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामध्ये गिल्बर्ट गॉटलिब या मानसशास्त्रज्ञाने या चिवचिवीवर कित्येक वर्षं काम केलं. इन्क्युबेटरमध्ये उबवलेल्या, आईचा आवाज कधीच न ऐकलेल्या पिल्लांना त्याने दोन आवाज ऐकवले: एक मॅलार्ड आईची साद, दुसरी कोंबडीची. पिल्लं बदकाच्या सादेकडे गेली. उपजत ज्ञान म्हणून विषय तिथेच मिटवता आला असता. गॉटलिबने तो मिटवला नाही. त्याने काही पिल्लांचा आवाज अंड्यात असतानाच बंद केला आणि त्यांना भावंडांच्या आवाजापासूनही दूर ठेवलं. प्रयोग वाचताना जीव कळवळतो, पण निष्कर्ष विसरता येत नाही: त्या पिल्लांना बदकाची साद आणि कोंबडीची साद यांतली आपली कोणती ते नीट कळेना. आईची हाक ओळखणारा कान घडतो तो स्वतःच्या आणि भावंडांच्या आवाजावर, कवच फुटण्याआधी.

म्हणून एकच पिल्लू आणू नका. प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या कोनराड लोरेन्झने १९३५ साली हंसांच्या पिल्लांवर लिहिलं तेव्हापासून जगाला माहीत आहे की नुकतं जन्मलेलं पिल्लू समोर हलणाऱ्याच्या मागे लागतं, त्याचाच आई म्हणून मनावर ठसा उमटतो. लोरेन्झला १९७३ चं नोबेल मिळालं त्यात या कामाचाही वाटा होता. एकहार्ड हेस या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत मॅलार्डच्या पिल्लांवर हा ठसा सर्वांत पक्का उमटला तो जन्मानंतर १३ ते १६ तासांत. एकटं पिल्लू तुम्हाला आई मानतं हे खरंच, पण त्याची आई रात्री उठून दुसऱ्या खोलीत झोपायला जाते.

झोपेबद्दलही एक सुंदर गोष्ट १९९९ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आली. इंडियाना स्टेट विद्यापीठात नील्स रॅटनबोर्ग आणि सहकाऱ्यांनी चार-चार मॅलार्ड एका ओळीत झोपवले. मधली दोन बहुतेक वेळ दोन्ही डोळे मिटून झोपली. टोकाची दोन मात्र पुष्कळदा एक डोळा उघडा ठेवून, आणि तो डोळा कळपाच्या बाहेरच्या बाजूचा. मेंदूचा अर्धा भाग झोपलेला, अर्धा पहाऱ्यावर. प्रयोग मोठ्या बदकांवरचा आहे, पण मला तो वाचून एकट्या पिल्लाची आठवण झाली. त्याला मधली जागाच नाही. ते दोन्ही बाजूंनी टोकावरचं.

आता खोक्याकडे. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीला साधारण ३२ अंश सेल्सिअस ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. अंगावर नुसती लव असते, स्वतःची ऊब टिकवायची ताकद अपुरी. पण कोकणातल्या जूनमध्ये खोलीच २८ अंशांवर असते, त्यामुळे थंड देशांचे तक्ते पाहून मोठा दिवा टांगला तर पिल्लं भाजून निघतात. पिल्लांकडेच पाहावं. दिव्याखाली एकमेकांवर चढून ओरडताहेत तर थंडी. कोपऱ्यात चोची उघडून धापा टाकताहेत तर उकाडा. सैल गोळा करून पसरली आहेत तर ठीक. दिवा एका बाजूलाच ठेवावा, म्हणजे उकडलं तर सरकता येतं. तो पक्का बांधावा, कारण खाली तूस असतो आणि पडलेला गरम बल्ब घर पेटवू शकतो.

उबेची गरज नसली तरी झिरोचा दिवा लावून ठेवा. बदकं अंधारात बिथरतात, एकाने धाव घेतली की सगळी धावतात आणि कोपऱ्यात लहानगं चिरडतं. मंद उजेडात भावंडं दिसत राहतात. दिवा हलता नको. भिंतीवर डोलणारी सावली त्यांना घारीसारखी वाटत असणार.

ओलं पिल्लूही रात्री रडतं. पाण्याचं भांडं नाकपुड्या बुडतील इतकं खोल हवं, पण अंग बुडेल इतकं नको. रात्री खाणं ठेवलंत तर पाणी ठेवायलाच हवं, कोरडा भरडा घशात अडकतो. तळाला वर्तमानपत्र घालू नका. त्यावरून घसरून पाय फाकतात. पहिले काही दिवस जुना पंचा बरा.

एका शांततेला मात्र मी घाबरते. पंख ढिले, डोळे अर्धे मिटलेले, खाण्याकडे लक्ष नाही, असं पिल्लू गप्प असेल तर ते समाधानी नाही. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की मेल्या, बदकाची पिल्लंही मेली. कारण निघालं खाद्यातली बुरशी लागलेली शेंगदाणा पेंड. अफ्लाटॉक्सिन हे विष त्यातून सापडलं, आणि बदकाचं पिल्लू त्याला इतकं हळवं की पुढे ते विष तपासायलाच एका दिवसाची पिल्लं वापरत. आपल्या पावसाळ्यात पेंड आणि मका चार दिवसांत कुबट होतात. वास आला की फेकून द्या, कोंबड्यांनाही घालू नका. कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य देत असाल तर त्यात नायसिन हे जीवनसत्त्व कमी पडतं आणि पाय वाकतात. थोडी ब्रूअर्स यीस्ट, म्हणजे नायसिन असलेली वाळवलेली यीस्टची पूड, मिसळावी.

भाताच्या खाचरात हळदी-कुंकू या रानटी बदकाची पिल्लं दिसली तर मात्र उचलू नका. आई जवळच गवतात असते, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानटी बदक घरात ठेवता येत नाही.

दहाव्या रात्री आमच्याकडे लाईट गेली. मी बाटलीत गरम पाणी भरलं, पंच्यात गुंडाळून खोक्यात ठेवली आणि बाजूला बसून हळू आवाजात बोलत राहिले. टाहो फुटलाच नाही. मेणबत्तीच्या उजेडात पाच पिवळे गोळे बाटलीला चिकटले होते, चौघांचे डोळे मिटलेले. कडेच्या पाचव्याचा एक डोळा माझ्याकडे उघडा होता.