खुलासा : २१ दिवसांत सवय लागते का?

‘सलग २१ दिवस करा, सवय लागते, एक दिवस चुकला तर पुन्हा एकपासून मोजा.’ दर जानेवारीत फिरणारा हा संदेश बरोबर नाही.

हा आकडा १९६० सालच्या एका इंग्रजी पुस्तकामुळे पसरला. त्याचे लेखक प्लास्टिक सर्जन होते. बदललेला चेहरा रुग्णाच्या अंगवळणी पडायला ‘किमान’ २१ दिवस लागतात, असं त्यांनी नोंदवलं होतं. पुढे ‘किमान’ गळलं आणि चेहऱ्याच्या जागी सवय आली.

लंडनमध्ये ९६ जणांवर झालेला अभ्यास २०१० मध्ये छापून आला. त्यात सवय मुरायला १८ ते २५४ दिवस लागतील असं दिसलं. मधला आकडा ६६, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त. पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर रुळली, व्यायामाला जास्त वेळ लागला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. म्हणूनच ‘एकपासून मोजा’ हा भाग मला सर्वात घातक वाटतो. चांगली चाललेली माणसं तिथेच सोडून देतात.

स्वतः पडताळा. १ जानेवारीला नागपूरच्या अंबाझरी तलावावर सकाळचं फिरणं सुरू केलं, तर ६६ वा दिवस मार्चच्या पहिल्या आठवड्यात येतो. दर रविवारी कॅलेंडरवर १ ते १० पैकी आकडा लिहा : स्वतःला किती ढकलावं लागलं? आकडा उतरून तीन-चार आठवडे खालीच राहिला, की सवय लागली. एप्रिलमध्ये नागपूरचं ऊन तापलं की वेळ साडेसहाची साडेपाच करा, पण खूण तीच ठेवा : चहाचा कप खाली ठेवला की बूट.