जेवणाच्या वेळेलाच भूक का लागते?

निर्जळी किंवा कडक उपास करणाऱ्यांचा हा नेहमीचा अनुभव. रोजच्या जेवणाच्या वेळेला पोटात आग पडते, कामात लक्ष लागत नाही. पण काहीही न खाता तास-दोन तास काढले की भूक आपोआप मरते. खरं तर पोट तोवर आणखीच रिकामं झालेलं असतं. मग मघाची भूक गेली कुठे?

भुकेचा माग काढण्याचा एक जुना प्रयोग मला फार आवडतो. हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन यांच्या हाताखाली काम करणाऱ्या वॉशबर्न यांनी पातळ नळीला बांधलेला रबरी फुगा गिळायची सवय करून घेतली. फुगा जठरात पोचला की त्यात हवा भरायची. जठर आकसलं की फुगा दाबला जाई आणि बाहेरच्या कागदावर रेघ उमटे. भूक जाणवली की वॉशबर्न एक बटण दाबत. १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या या नोंदींत बटणाच्या खुणा आणि आकुंचनाच्या रेघा जवळजवळ जुळल्या होत्या. भूक म्हणजे जठराचं आकसणं, असं त्यावरून वाटलं. पण पुढे शस्त्रक्रियेत जठर काढून टाकलेल्या माणसांनाही भूक लागते हे दिसलं, तेव्हा हे उत्तर अपुरं ठरलं.

१९९९ मध्ये जपानच्या कोजिमा आणि कांगावा यांना घ्रेलिन हे भूक चेतवणारं संप्रेरक सापडलं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं, जेवणाआधी रक्तात वाढतं आणि जेवल्यावर उतरतं. दिवसभराहून जास्त वेळ उपाशी ठेवलेल्या निरोगी माणसांचं रक्त वेळोवेळी तपासलं, तेव्हा घ्रेलिन नाश्ता, दुपारचं आणि रात्रीचं जेवण यांच्या नेहमीच्या वेळांना वाढलं आणि अन्नाचा कणही न मिळता पुन्हा उतरलं. दर तीनेक तासांनी खाणाऱ्यांचं घ्रेलिन लवकर वाढतं, सहा तासांनी जेवणाऱ्यांचं उशिरा. म्हणजे पोटाला वेळ आपणच लावलेली असते. संध्याकाळी पाचचं फरसाण महिनाभर चुकलं नाही, तर पाचची भूक खरीच असते, पण ती अन्न कमी पडल्याची खूण असेलच असं नाही.

वेळेसारखीच मापाचीही सवय होते. रिकामं जठर मुठीएवढं असतं आणि जेवताना सैल होत लिटर-दीड लिटरही सामावून घेतं. त्याच्या भिंतीवरचा ताण व्हेगस नावाच्या मज्जातंतूतून मेंदूला कळतो. १९९०च्या दशकात अमेरिकेत लठ्ठ व्यक्तींना चार आठवडे अगदी कमी उष्मांकांचा आहार दिला. जठर मोजायला पुन्हा फुगाच, पण या वेळी पाण्याने भरलेला. त्यांच्या जठराची क्षमता पावाहून जास्त घटली होती. जठर आटून कायमचं लहान होतं असा याचा अर्थ मी लावणार नाही. ताण किती सोसायचा याची त्याची मर्यादा बदलली, असं म्हणणं मला जास्त पटतं.

घाईघाईने जेवलं की मात्र ही सगळी यंत्रणा मागे पडते, कारण तृप्तीची आतड्यांतली संप्रेरकं वाढायला थोडा वेळ लागतो. तोवर ताट रिकामं होऊन पुन्हा वाढूनही घेतलेलं असतं.

चुकीच्या वेळेची सवय मोडायची, तर ती भूक काही दिवस ओसरू द्यावी लागते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. त्यांची साखर एकदम खाली जाऊ शकते.